आल्फामातील एक दुपार: लिस्बनची जुनी वस्ती पायी कशी पाहावी

लिस्बनमध्ये एकच दुपार मोकळी मिळणार असेल, तर ती आल्फामा या जुन्या वस्तीसाठी राखून ठेवावी आणि ही वस्ती टेकडीच्या माथ्यावरून नदीच्या दिशेने उतरत पाहावी. पहिल्या खेपेस मी जुलैच्या भर उन्हात नदीकाठच्या रस्त्यावरून वर चढायला सुरुवात केली होती; अर्ध्या तासात पाहण्याची इच्छा मावळली आणि नजर केवळ सावली शोधत राहिली. दुसऱ्या खेपेस माथ्यावरून उतरलो, तेव्हा तीच वस्ती वेगळी भासली, कारण मान वर करून पाहायला, दारातल्या माणसाशी चार शब्द बोलायला आणि चुकलेली वाट पुन्हा चालायला अंगात बळ शिल्लक होते.

सांव जोर्ज किल्ल्याची टेकडी आणि तेजो नदी यांच्यामधल्या उतारावर आल्फामा वसलेली आहे. तिचे नाव अरबी आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांना अरबीत जो ‘अल-हम्मा’ शब्द आहे, त्यावरून ते आले. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोंसो एन्रिकेस याने धर्मयुद्धासाठी निघालेल्या योद्ध्यांच्या मदतीने हे शहर मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून, जिंकले. मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभे राहिले, परंतु गल्ल्यांची वीण बरीचशी तशीच राहिली. पुढे १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणाची प्रार्थना चालू असताना, मोठा भूकंप झाला आणि त्यापाठोपाठ त्सुनामीची लाट व अनेक दिवस धुमसणारी आग आली. शेजारची बायशा ही सखल वस्ती उद्ध्वस्त झाली आणि पोंबालचा मार्केस या राजाच्या मंत्र्याच्या देखरेखीखाली तिथे काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचे नवे नगर आखले गेले. आल्फामाचेही नुकसान झाले, पण ती पुष्कळ अंशी तगली. नकाशावर या दोन वस्त्या शेजारी शेजारी पाहिल्या, तर एक पटावर आखल्यासारखी आणि दुसरी सुताच्या गुंत्यासारखी दिसते. भूकंपापूर्वीचे लिस्बन कसे असेल याची कल्पना या गुंत्यातच येते.

मराठी वाचकाला ही वस्ती पाहण्याचे आणखी एक कारण आहे. मुंबई, वसई आणि गोवा यांच्या इतिहासाची काही टोके इथल्या दगडांत अडकलेली आहेत, आणि ती कुठे आहेत हे आधी ठाऊक नसेल तर माणूस त्यांच्यासमोरून सहज निघून जातो. पुढे वाटेवर ती जिथे जिथे येतात, तिथे थोडे थांबण्याची सूचना मी करणार आहे.

निघण्यापूर्वी

दिवस निवडता येत असेल, तर मंगळवार किंवा शनिवार निवडावा. सोमवारी फादो या गायनप्रकाराचे संग्रहालय आणि थोरांच्या समाध्या-स्मारकांचे राष्ट्रीय पँथिऑन बंद असतात, रविवारी काझा दोस बिकोस या वास्तूतील प्रतिष्ठान बंद असते, आणि मंगळवार व शनिवार या दोनच दिवशी टेकडीवर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. वेळांमध्ये बदल होत असल्यामुळे जाण्याच्या आदल्या दिवशी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावे. ऋतूचा विचार करता एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम असतात. जून महिन्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारी दोन वाजता निघूनही निवांत फिरता येते. डिसेंबरमध्ये मात्र सव्वापाचलाच अंधारू लागते, म्हणून त्या दिवसांत बारा वाजताच सुरुवात करावी.

पादत्राणांबाबत हयगय करू नये. इथले पदपथ आणि पायऱ्या चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांनी जडवलेल्या असतात. वर्षानुवर्षांच्या वर्दळीने ते गुळगुळीत झालेले आहेत आणि पावसाची एक सर आली की काचेसारखे निसरडे होतात. रबरी तळव्याचे, पावलाला घट्ट बसणारे बूट घालावेत. पाण्याची बाटली जवळ ठेवावी. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, त्यामुळे ती कुठेही भरून घेता येते. स्वच्छतागृहाची सोय संग्रहालयांत आणि कॉफीच्या दुकानांतच होते, तेव्हा तिथे असतानाच ती उरकून घ्यावी.

मुलाबाळांकडे युरोपात आलेल्या आई-वडिलांना घेऊन जायचे असेल आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर मधली उतरण गाळावी. त्यांना टॅक्सीने थेट पोर्तास दो सोल या सज्जापर्यंत न्यावे, तिथला देखावा निवांत पाहू द्यावा, आणि पुन्हा टॅक्सीने खाली नदीकाठी आणावे. सांता आपोलोनिया स्थानकापासून काझा दोस बिकोसपर्यंतचा रस्ता सपाट आहे आणि या लेखात सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी त्याच रस्त्यावर भेटतात. चाकांची खुर्ची किंवा बाळाची गाडी घेऊन आतल्या गल्ल्यांत शिरणे मात्र कष्टाचे आहे, कारण तिथे रस्त्यांपेक्षा पायऱ्याच अधिक आहेत.

पोर्तुगीज येत नसले तरी दोन-तीन शब्द अवश्य शिकावेत. दुपारी कोणत्याही दुकानात शिरताना ‘बोआ तार्द’ म्हणण्याची रीत आहे, आणि ती न पाळणे उद्धटपणाचे समजले जाते. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादो’ आणि स्त्रीने ‘ओब्रिगादा’ म्हणायचे असते. बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे शब्द बदलणे हे ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना सहज जमते. दुकानांच्या पाट्या वाचतानाही आपले शब्द भेटत राहतात, कारण चावी, बटाटा, पाव, कोबी, अननस, पगार, लिलाव, नाताळ, फीत, पिंप, घमेले हे सारे शब्द पोर्तुगीजांकडूनच मराठीत आले. किराणा दुकानाबाहेर ‘बताता’ आणि ‘कोव’ अशी अक्षरे दिसली की क्षणभर परकेपण गळून पडते.

माथ्यावरून सुरुवात

टेकडीवर पोहोचण्यासाठी मार्तिम मोनिझ चौकातून सुटणारी २८ क्रमांकाची पिवळी ट्राम घ्यावी. तिकिटासाठी मेट्रो स्थानकातील यंत्रातून ‘नवेगांत’ नावाचे कार्ड घेऊन त्यात पैसे भरून ठेवावेत, कारण ट्रामच्या चालकाकडून घेतलेले तिकीट पुष्कळ महाग पडते. ही ट्राम जगभरच्या प्रवाशांना ठाऊक झाली आहे आणि खिसेकापूंनाही. पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यावी आणि मोबाइल खिडकीबाहेर धरू नये. रांग फारच लांब असेल, तर तिच्यात तासभर उभे राहण्यापेक्षा तीन-चार जणांनी मिळून टॅक्सी करणे शहाणपणाचे आहे. ट्राममध्ये बसण्याचा आनंद सकाळी लवकर किंवा रात्री उशिराही घेता येतो.

ग्रासा भाग ओलांडल्यावर ‘वोझ दो ओपेरारियो’ या थांब्यावर उतरावे. तिथून दोन-चार मिनिटे उताराने चालले की सांव विसेंत द फोरा हा मठ लागतो. ‘द फोरा’ म्हणजे बाहेरचा. अफोंसो एन्रिकेसने ११४७ मध्ये तो स्थापन केला, तेव्हा तो तटबंदीच्या बाहेर होता. सध्याची इमारत १५८२ पासून बांधली गेली. पुष्कळ प्रवासी चर्चमध्ये डोकावून पुढे जातात, कारण मठाच्या भागाला वेगळे तिकीट आहे. ते तिकीट काढावेच, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मठाच्या आत निळ्या-पांढऱ्या फरशांची, म्हणजे अझुलेजूंची, भिंतीच्या भिंती आहेत. या फरशांच्या चित्रांत ला फोंतेन या फ्रेंच कवीच्या ३८ प्राणिकथा रंगवलेल्या आहेत. ला फोंतेनने १६७८ मध्ये आपल्या कथांचा दुसरा संग्रह प्रसिद्ध करताना ‘पिलपे’ या भारतीय ज्ञानी पुरुषाचे ऋण मान्य केले होते. पंचतंत्रातील कथा फारसी व अरबी वाटेने ज्या नावाखाली युरोपात पोहोचल्या, ते हे नाव. त्यामुळे या चित्रांपुढे उभे राहून मुलांना कथा ओळखायला सांगावे. विष्णुशर्म्याच्या गोष्टी ऐकलेल्या मुलाला इथे निश्चितच काही ओळखीचे सापडते.

याच मठाच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांसा घराण्याचे राजे-राण्या चिरविश्रांती घेत आहेत. १ फेब्रुवारी १९०८ रोजी नदीकाठच्या चौकात गोळ्या घालून मारले गेलेले राजा कार्लोस आणि युवराज लुईश फिलीप यांच्या शवपेट्यांसमोर एका शोकमग्न स्त्रीचा दगडी पुतळा आहे, आणि बहुतेकांची पावले तिथेच थांबतात. मुंबईकराने मात्र भोवतालच्या रांगांमधून एक नाव शोधून काढावे: कातारीना द ब्रागांसा. १६६१ च्या तहाने तिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरला आणि हुंड्यात मुंबई बेट देण्याचे कबूल झाले. राजाला त्या दूरच्या बेटाचे फारसे मोल वाटले नाही आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवले. शाळेच्या पुस्तकात ‘हुंड्यात मुंबई दिली’ हे एक वाक्य आपण सर्वांनी वाचलेले असते, पण त्या वाक्यातली वधू पुढे कुठे गेली हे कोणी सांगत नाही. इंग्लंडच्या दरबारात तिने चहा पिण्याची चाल रुजवण्यास हातभार लावला, वैधव्यानंतर ती मायदेशी परतली आणि १७०५ मध्ये लिस्बनमध्ये वारली. आधी तिला दुसऱ्या एका मठात पुरले होते; नंतर तिचे अवशेष इथे आणले गेले. तिच्या नावासमोर पाच मिनिटे उभे राहण्यासाठी तरी ही दुपार सार्थकी लागली असे मला वाटते.

मठाच्या गच्चीवर जाणे चुकवू नये. तिथून तेजो नदी इतकी रुंद दिसते की पुष्कळांना ती खाडी किंवा समुद्रच वाटते. या विस्तारलेल्या पात्राला स्थानिक लोक ‘मार दा पाल्या’ म्हणजे ‘पेंढ्याचा समुद्र’ म्हणतात.

बाहेर पडल्यावर मठाच्या मागच्या बाजूला सांता क्लारा मैदान आहे आणि मंगळवारी व शनिवारी तिथे ‘फेरा दा लाद्रा’ भरतो. या नावाचा सरळ अर्थ चोरणीचा बाजार असा होतो. जुने नकाशे, पितळी कुलपे, टपाल तिकिटे, वापरलेली भांडी अशा गोष्टी चादरींवर मांडलेल्या असतात. दुपार चढू लागली की विक्रेते आवराआवर करतात, म्हणून खरेदी करायचीच असेल तर मठ नंतर आणि बाजार आधी असा क्रम ठेवावा. सुट्या जुन्या अझुलेजू फरशा मात्र विकत घेऊ नयेत. जुन्या घरांच्या भिंतींवरून त्या उचकटून चोरल्या जातात, हे इथले खरे दुखणे आहे. भिंतीची आठवण हवीच असेल तर नव्याने रंगवलेली फरशी दुकानातून घ्यावी.

मैदानाच्या खालच्या अंगाला दिसणारा पांढरा घुमट म्हणजे सांता एंग्रासियाचे चर्च, आजचे राष्ट्रीय पँथिऑन. त्याचे बांधकाम १६८२ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे कधीच न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीज भाषेत ‘सांता एंग्रासियाचे बांधकाम’ म्हणतात. वास्को द गामा आणि गोवा जिंकणारा अफोंसो द आल्बुकेर्के यांची प्रतीकात्मक स्मारके आणि आमालिया रोद्रिगेस या फादो गायिकेची समाधी आत आहे. वेळ कमी असेल तर हे बाहेरून पाहून पुढे निघाले तरी चालेल.

उतरणीची वाट

मठापासून ट्रामच्या रुळांच्या कडेने ‘रुआ दास एस्कोलास जेराइस’ या रस्त्याने चालायला लागावे. रस्ता इतका अरुंद आहे की ट्राम आली की भिंतीला पाठ लावून किंवा एखाद्या दाराच्या खोबणीत शिरून उभे राहावे लागते. ट्रामची घंटा ऐकू येताच जागा शोधावी, फोटोसाठी रुळांवर थांबू नये. रस्त्याच्या नावातली ‘एस्कोलास’ म्हणजे शाळा. १५३७ मध्ये कोइंब्रा इथे कायमचे हलवले जाईपर्यंत पोर्तुगालचे विद्यापीठ दीर्घकाळ या परिसरात होते. गार्सिया द ओर्ता हा वैद्य त्या विद्यापीठात शिकवत असे. १५३४ मध्ये तो गलबतातून हिंदुस्थानात गेला आणि गोव्यात स्थायिक झाला. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्याचे पुढे काय झाले, ते याच वाटेवर खाली सांगतो.

दहा-पंधरा मिनिटांत पोर्तास दो सोल, म्हणजे सूर्यद्वार, हा मोकळा सज्जा येतो. इथे संत विसेंतचा पुतळा आहे आणि त्याच्या हातातल्या नावेवर दोन डोमकावळे आहेत. ११७३ मध्ये या संताचे अवशेष नावेतून लिस्बनला आणले गेले, तेव्हा दोन डोमकावळ्यांनी वाटभर सोबत केली अशी आख्यायिका आहे, आणि नाव व डोमकावळे हेच शहराचे चिन्ह झाले. एकदा हे ध्यानात आले की दिव्यांच्या खांबांवर आणि पदपथांच्या नक्षीतही ते दिसू लागतात. पलीकडेच सांता लुझियाचा सज्जा आहे, बोगनवेलीच्या मांडवाखालचा. गर्दी मांडवात होते, परंतु चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर जे दोन फरशीचित्रे आहेत तिकडे फार थोडे वळतात. त्यांतल्या एका चित्रात भूकंपापूर्वीचा नदीकाठचा राजचौक दाखवला आहे. तिथेच राजवाडा होता आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा सारा कारभार पाहणारी ‘काझा दा इंदिया’ ही कचेरीही; १७५५ च्या त्या सकाळी दोन्ही नष्ट झाली.

इथून किल्ला हाकेच्या अंतरावर दिसतो आणि पाय तिकडे वळू पाहतात. माझे मत असे आहे की एकाच दुपारी किल्ला आणि आल्फामा दोन्ही करू नयेत. किल्ल्याला रांगेसह दोन तास लागतात; शिवाय आज दिसणाऱ्या तटबुरुजांचा मोठा भाग १९४० च्या आसपासच्या जीर्णोद्धारातला आहे. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा.

सांता लुझियाच्या शेजारून मूरकालीन तटबंदीच्या कडेने पायऱ्या खाली उतरतात. त्या पायऱ्यांवर पहिले पाऊल टाकताना मोबाइलवरचा नकाशा बंद करावा. गल्ल्या अरुंद आणि घरे उंच असल्यामुळे नकाशातला निळा ठिपका एकसारखा उड्या मारतो आणि माणूस पडद्याकडे पाहत समोरची वाट चुकतो. त्याऐवजी एक नियम पाळावा: उतार जिकडे, नदी तिकडे. कितीही वळणे घेतली तरी उतरत राहिले की अखेर नदीकाठच्या सपाट रस्त्यावर येतो, त्यामुळे इथे हरवण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. पाट्यांवरचे चार शब्द कळले तर आणखी सोपे जाते. ‘बेको’ म्हणजे बोळ, ‘एस्कादिन्यास’ म्हणजे पायऱ्यांची वाट, ‘पातियो’ म्हणजे घरांनी वेढलेले अंगण आणि ‘लार्गो’ म्हणजे लहान चौक. ‘बेको दो कार्नेरो’ नावाचा बोळ इतका चिंचोळा आहे की दोन्ही हात पसरायलाही जागा पुरत नाही.

खुणेसाठी तीन ठिकाणे मनात ठेवावीत. सांतो एश्तेवांव चर्चच्या पायथ्याशी एक लहानसा सज्जा आहे, जिथे वरच्या सज्जांपेक्षा पुष्कळ कमी लोक असतात. सांव मिगेल चर्चसमोरचा चौक हा वस्तीचे हृदय म्हणावा असा आहे. तिथल्या पायऱ्यांवर बसून वीस मिनिटे काहीच करू नये. वाळत घातलेल्या कपड्यांखालून जाणारी मुले, खिडकीतून दोरीने उतरवलेली टोपली, समोरासमोरच्या खिडक्यांतून चाललेले बोलणे हे सगळे बसल्यावरच दिसते. गिरगावातल्या चाळीत किंवा पणजीच्या फोंतेन्यासमध्ये वाढलेल्या माणसाला यातले काहीच परके वाटणार नाही.

याच कारणासाठी इथे वागण्याचे एक पथ्य पाळावे. ही लोकांची राहती घरे आहेत. भाड्याने दिल्या जाणाऱ्या पर्यटक-खोल्यांमुळे वस्तीतील जुने रहिवासी कमी होत चालले आहेत आणि जे उरले आहेत त्यांच्या दारात दिवसभर अनोळखी माणसांची वर्दळ असते. उघड्या खिडकीत कॅमेरा घालू नये, म्हाताऱ्या माणसांचे फोटो न विचारता काढू नयेत आणि मोठ्या गटाने बोळ अडवू नये. दारात छोटे टेबल मांडून एखादी आजी ‘जिंजा’ नावाचे आंबट चेरींचे मद्य इवल्या पेल्यातून विकत असेल, तर मद्य घेणाऱ्याने एक पेला घ्यावा. त्या निमित्ताने दोन शब्द बोलणे होते.

तिसरे ठिकाण ‘रुआ दा जुदियारिया’, म्हणजे यहुदी आळीचा रस्ता. जवळच्या लहान चौकात मूरकालीन तटाच्या बुरुजाचा अवशेष आहे. १४९६ मध्ये राजा मानुएलने यहुद्यांना देश सोडण्याची आज्ञा दिली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यावर सक्तीने धर्मांतर लादले. अशा धर्मांतरित कुटुंबांपैकीच एक गार्सिया द ओर्ताचे होते. १५६८ मध्ये तो गोव्यात वारला. परंतु गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. वरच्या रस्त्यावर तो शिक्षक म्हणून वावरला होता, आणि त्याच टेकडीच्या पायथ्याशी त्याच्या लोकांची आळी होती.

नदीकाठी

उतरण संपली की ‘लार्गो दो शाफारीझ द देंत्रो’ या चौकात यावे. तिथले फादो संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले आणि सायंकाळी सहाला बंद होते, म्हणून पाचपर्यंत पोहोचणे बरे. तासाभरात ते पाहून होते. रात्री फादो ऐकायचे असेल तर हे आधी पाहण्याचा उपयोग होतो, कारण कानांवर हेडफोन लावून जुने गायक-गायिका ऐकल्यावर आवाजांतला फरक कळू लागतो.

तिथून पश्चिमेकडे चालत गेल्यावर ‘शाफारीझ देल-रेय’, म्हणजे राजाचा पाणवठा, दिसतो. त्याच्या भिंतीतून पूर्वी सहा तोट्या वाहत. गर्दीत भांडणे होऊ नयेत म्हणून सोळाव्या शतकात नगरपालिकेने कोणत्या वर्गाच्या व वर्णाच्या माणसाने कोणत्या तोटीवर पाणी भरावे याचा नियमच करून टाकला होता. गुलामांची तोटी वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ मधला सत्याग्रह ज्याला ठाऊक आहे, त्याला या भिंतीपुढे काही अधिक सांगावे लागत नाही.

आणखी थोडे पुढे ‘कांपो दास सेबोलास’, शब्दशः कांद्यांचे मैदान, आणि त्याच्या कडेला काझा दोस बिकोस. हिऱ्याच्या पैलूंसारखे टोकदार दगड बसवलेली तिची दर्शनी भिंत लांबूनही ओळखू येते. १५२३ मध्ये ही वास्तू बांधणारा ब्रास हा अफोंसो द आल्बुकेर्केचा मुलगा. बापाने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकले, शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली आणि १५१५ मध्ये गोव्याच्या बंदराजवळच तो मरण पावला. त्याच्या ‘अफोंसो’ या नावावरून ‘हापूस’ हा शब्द आला असे सांगितले जाते. ज्या नावाने आपण उन्हाळ्याची वाट पाहतो, त्या नावामागे हा माणूस उभा आहे, हे जाणून घेणे मला आवश्यक वाटते. भूकंपात इमारतीचे वरचे दोन मजले कोसळले होते आणि ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा बांधले गेले. आता इथे १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे लेखक जुझे सारामागो यांचे प्रतिष्ठान आहे. समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा आहे. तळमजल्यावर रोमन काळातील मासे खारवण्याची टाकी जपून ठेवली आहेत.

शेवटचा छोटा चढ कॅथेड्रलचा. त्याला ‘से’ म्हणतात. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या नावातलाच हा शब्द, धर्माध्यक्षाचे आसन या अर्थाचा. त्याची दर्शनी बाजू पश्चिमेला असल्यामुळे मावळतीचे ऊन दोन्ही बुरुजांवर थेट पडते, म्हणून ते दिवसाच्या शेवटी पाहावे. समोरच सांतो आंतोनियोचे चर्च आहे, संताच्या जन्मस्थानावर बांधलेले. वसई आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे ज्याला नवस बोलतात तो हाच संत. १२ जूनच्या रात्री त्याच्या सणासाठी आल्फामा माणसांनी आणि सार्डिन भाजण्याच्या धुराने भरून जाते. त्या दिवसांत घरोघरी ‘मांजेरिको’ची कुंडी दिसते, ती आपल्या तुळशीच्या गोत्रातली बारीक पानांची वनस्पती आहे आणि तिच्यावर हात फिरवून मग हाताचा वास घ्यायचा, थेट नाक लावायचे नाही, असा संकेत आहे.

खाणे आणि फादो

जेवणासाठी बसताच वेटर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतो. ते फुकट नसते. खाल्ले तर पैसे लागतात, नको असेल तर हात न लावता परत पाठवता येते आणि त्यात कोणालाही वाईट वाटत नाही. एका खाणावळीत हे माहीत नसल्यामुळे आमच्या बिलात अनपेक्षित भर पडली होती. मासे खाणाऱ्याने उन्हाळ्यात भाजलेले सार्डिन आणि एरवी ‘बाकाल्यांव’ हा खारवलेला कॉड मागवावा. शाकाहारी माणसाने ‘काल्दो वेर्द’ हे कोबीवर्गीय पानांचे सूप मागवताना ‘सें शोरिसो’ असे बजावावे, कारण त्यात मांसाच्या चकत्या घालतात, आणि ते कशाच्या पाण्यात शिजवले आहे हेही विचारावे. पुष्कळ कॉफीच्या दुकानांत ‘शामुसा’ मिळतो. गोव्यातून आलेला हा आपला सामोसाच आहे, मात्र आत बहुधा मांस असते.

फादो हा शब्द दैव या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. २०११ मध्ये युनेस्कोने या गायनाची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली. गाणे रात्री आठ-नऊनंतर रंगते. बसण्यापूर्वी किमान किती रकमेचे खाणेपिणे घ्यावे लागेल हे विचारून घ्यावे आणि मोठ्या जेवणघरांऐवजी, जिथे शेजारपाजारचे हौशी लोकही उठून गातात अशा लहान जागा शोधाव्यात. दिवे मंद झाले की बोलणे, काटे-चमच्यांचा आवाज आणि फोन तिन्ही थांबवावेत. बारा तारांच्या पोर्तुगीज गितारीचे सूर सुरू झाल्यावर कुजबुजणाऱ्याला इथे उघडपणे गप्प केले जाते. आपल्या बैठकीतली ‘वाहवा’ इथे मध्येच देऊ नये, ओळी संपेपर्यंत राखून ठेवावी.

परतीसाठी सांता आपोलोनियाचे मेट्रो स्थानक फादो संग्रहालयापासून सपाट रस्त्याने काही मिनिटांवर आहे. मेट्रो रात्री एकपर्यंत धावते. शेवटचे गाणे ऐकत बसलात, तरी साडेबाराला उठले की गाडी मिळते.